पाण्यातले देव

सकाळी चहाचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तर देवघर रिकामं होतं. घंटा आणि निरांजन तेवढं जागेवर, बाकी एकही देव नाही. रात्रीत चोरी झाली असं क्षणभर वाटलं आणि मी सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, हाक मारायला वळले, तर त्या तिथेच, ओट्याखालच्या कोपऱ्यात पाटावर बसल्या होत्या. समोर पितळी घंगाळ होतं आणि त्यात पाणी. पाण्याच्या तळाशी रांगता बाळकृष्ण, गणपती, मी माहेराहून आणलेली अन्नपूर्णा आणि खंडोबाचा चांदीचा टाक एकमेकांना टेकून बसले होते.

"आक्का, काय झालं?"

"काही झालं नाही. व्हायचंय."

"मग देव पाण्यात कशासाठी?"

"ते सांगायचं नसतं. तू घंगाळाला हात लावू नकोस म्हणजे झालं."

देव पाण्यात घालून बसणं हे मी बोलण्यात हजारदा ऐकलं होतं. निवडणुकीचा निकाल असो की पोराचं मॅट्रिक, लोक हसत हसत म्हणतात. खरोखरचे देव खरोखरच्या पाण्यात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मनातली गोष्ट होईपर्यंत त्यांना बाहेर काढायचं नाही, एवढा त्यातला नियम मला माहीत होता. आणि आदल्या संध्याकाळीच आम्ही आक्कांना बाळाबद्दल सांगितलं होतं.

ही गोष्ट पंचाऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची, कराडची. आमचे हे, मुकुंद पोतदार, सोनारकाम करायचे आणि मी एका टायपिंग क्लासमध्ये शिकवायचे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. डॉक्टर झाले, उपास झाले, औदुंबराच्या फेऱ्या झाल्या. शेवटी आम्ही सांगलीच्या एका संस्थेत नाव घातलं आणि त्या जूनमध्ये तिथून बोलावणं आलं. मुलगी होती. हाताची मूठ वळून कपाळाला लावून झोपलेली, जसं काही फार मोठ्या विचारात आहे. मी तिला मांडीवर घेतलं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर मी घरी परतलेच नाही. कराडला आलं ते फक्त माझं शरीर.

संस्थेच्या सरदेसाईबाई मात्र मोजूनमापून बोलणाऱ्या.

"पोतदार, एक गोष्ट नीट ऐका. बाळाच्या आईने सही दिली आहे. पण तिला विचार बदलायला कायद्याने मुदत असते. ऑगस्टअखेरपर्यंत ती केव्हाही परत येऊ शकते. तोवर हे बाळ तुमचं नाही. रविवारी भेटायला या, पण एवढं मनात ठेवून या."

"येतात का हो अशा परत?" मी विचारलं.

"बहुतेक जणी येत नाहीत," त्या म्हणाल्या. मग फाइल मिटत म्हणाल्या, "काही येतात."

त्या 'काही'ने मला पोखरून टाकलं.

आक्कांना सांगायचं आम्ही पुढे ढकलत होतो. त्या वाईट नव्हत्या, पण हट्टी होत्या. सोवळं, मिश्री आणि पंचांग या तीन गोष्टींत त्यांच्याशी कुणी वाद घालायचा नाही, असा घराचा कायदा होता. ह्यांनी जेवताना सांगितलं. आक्कांनी ताक प्यायलं, पान बाजूला सारलं आणि विचारलं, "गोत्र काय पोरीचं?"

"आई, तिचं नावसुद्धा नाही अजून."

"नाव नाही, गोत्र नाही," त्या म्हणाल्या आणि उठल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी देव पाण्यात होते.

आता मी काय समजायचं? बाळ घरात यावं म्हणून त्यांनी देव अडवले होते, की येऊ नये म्हणून? हे मला कळत नव्हतं. ह्यांना विचारलं तर ह्यांनी सोनारकामाची नळी फुंकत मान हलवली. "आई सांगायची नाही. संकल्प बोलून दाखवला की त्यातलं बळ जातं असं तिचं मत. माझ्या परीक्षेच्या वेळीही तिने देव पाण्यात घातले होते. मी पास झाल्यावर कळलं, ते माझ्यासाठी नव्हतेच, दादाच्या टायफॉइडसाठी होते."

"तुम्हाला हसू येतंय?"

"मग काय करू? रडू?" ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. हातातलं काम त्यांनी माझ्यापासून जरा आड धरलं होतं, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं.

शेजारच्या शहाकाकूंना मात्र मत होतं. आमच्याकडे फोन नव्हता, संस्थेला त्यांचाच नंबर दिला होता, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, "कुमुद, तुझी सासू देव पाण्यात घालून बसलीय. तू आपली सावध राहा हो." सावध राहून काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्याकडची घंटी वाजली की माझे हात कामातच थांबायचे. ती घंटी बहुतेक वेळा त्यांच्या सुरतच्या भावाची असायची.

दिवस असे जायचे. सकाळी आक्का घंगाळातलं पाणी बदलायच्या, देवांना पाण्यातच फूल वाहायच्या, पाण्यालाच नैवेद्य दाखवायच्या. मी पोळ्या लाटता लाटता तिरक्या नजरेने बघायचे. त्यांचे ओठ हलायचे, पण एक शब्द कानावर पडेल तर शपथ. दुपारी त्या देवळात गेल्या की मी घंगाळापाशी जाऊन बसायचे. एकदा तर हात पाण्यापर्यंत नेला. अन्नपूर्णा माझी होती, माझ्या आईने लग्नात माझ्या ओंजळीत घातलेली. तिला माझ्याविरुद्ध बुडवून ठेवायचा आक्कांना काय अधिकार, असं मनात आलं. पण हात पाण्यात गेला नाही. माझी भीती रागापेक्षा मोठी होती.

त्याच वेळी मला तळाशी आणखी काही दिसलं. बाळकृष्णाच्या दोन्ही बाजूंना दोन सुपाऱ्या होत्या, एक मोठी, एक लहान. त्या सुपाऱ्यांचा रंग सुटून तळाचं पाणी तांबूस झालं होतं.

आमच्या पूजेत जे हजर नाही त्याच्या जागी सुपारी ठेवतात. मूर्ती नसेल तर सुपारीचा गणपती, ग्रह तर सगळेच सुपारीचे. पूर्वी सासरे गावाला असले की आक्का पूजेला बसताना सुपारी कमरेला खोवायच्या, म्हणजे जोडीने पूजा झाली. मी त्यांना मुद्दाम विचारलं, "आक्का, त्या सुपाऱ्या कुणाच्या?"

"हात घातलास?"

"नाही. नुसतं पाहिलं."

त्यांनी हातातली जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाल्या, "लहान आहे ती त्या पोरीची. नाव नाही, गोत्र नाही, मग देवाला सांगायचं तरी कुणाबद्दल? म्हणून सुपारी."

"आणि मोठी?"

"मोठी तिच्या आईची."

मी तिथून उठले ती थेट मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले. आई म्हणजे मी. दुसरं कोण? लहान सुपारी बाळाची, मोठी माझी, मधे बाळकृष्ण. आक्का माझ्या बाजूच्या होत्या, आणि मी उगाच त्यांच्यावर डूख धरून बसले होते. त्या रविवारी सांगलीच्या गाडीत मी ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं." मी मांडीवर बोटांनी बाळाचं नाव टाइप करत बसले. ते नाव मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आजही सांगितलेलं नाही.

मग श्रावण लागला. आक्कांनी भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवला. मुलांना मांडीवर घेतलेली, पाळण्याशी बसलेली ती देवता. श्रावणातल्या शुक्रवारी आया तिची पूजा करतात आणि आपल्या मुलांना ओवाळतात. एवढी वर्षं मी त्या दिवशी आघाडा-दूर्वांची माळ करून द्यायचे, फुटाणे आणायचे आणि ओवाळायची वेळ झाली की काहीतरी काम काढून माडीवर जायचे. आक्का ह्यांना आणि दिरांना ओवाळायच्या. मला कुणी जा म्हणायचं नाही, पण थांब असंही कुणी म्हणत नव्हतं.

त्या शुक्रवारी मी सवयीने जिन्याकडे निघाले.

"कुठं चाललीस?" आक्का म्हणाल्या. "तबक घे."

"मी?"

"तुझ्याशिवाय इथं दुसरं कोण आहे?"

"पण आक्का, बाळ तर इथे नाही."

"मूल परगावी असलं की चारी दिशांना अक्षता टाकतात. माझा थोरला मुंबईला होता तेव्हा मी वर्षानुवर्षं टाकल्या. घे."

निरांजनाची वात माझ्या हातून दोनदा विझली. कुंकू लावलेल्या अक्षता मुठीत घेऊन मी दारात उभी राहिले. "सांगली कुठल्या बाजूला येते हो?"

"तुला काय करायचंय? तू चारीकडं टाक."

मी टाकल्या. शहाकाकू गच्चीवरून पापड काढत बघत होत्या, मला त्याचं काही वाटलं नाही. आत येऊन मी आक्कांच्या पाया पडले आणि रडले. त्या म्हणाल्या, "पुरे. कढी उतू जाईल." पण त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवलेला हात बराच वेळ काढला नाही.

मुदत संपायला आता थोडेच दिवस उरले होते. मी जुन्या साड्यांची दुपटी शिवून ठेवली. बाळासाठी पिवळं झबलं शिवून संस्थेत देऊन आले, गळ्याशी पांढरी लेस लावलेलं. आणि एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "कुमुद, सांगलीचा फोन."

सरदेसाईबाईच होत्या. "पोतदार, बाळाची आई आली आहे. मावशी आहे बरोबर. तिला बाळ बघायचं आहे म्हणते. अजून काही ठरलेलं नाही. तुम्हाला अंधारात ठेवायचं नाही म्हणून कळवलं. मात्र आज इकडे येऊ नका."

मी 'बरं' म्हणाले, रिसीव्हर ठेवला आणि घरी येऊन पायात चपला अडकवल्या. हे कोल्हापूरला माल द्यायला गेले होते. आक्कांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"येऊ नका म्हणाल्या."

"मग चाललीस कुठं?"

"सांगलीला."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग घंगाळाकडे पाहिलं. "थांब, मी लुगडं बदलते," त्या म्हणाल्या.

गाडीभर मी एकच गोष्ट घोकत होते, ती जाऊ दे, ती परत जाऊ दे. आक्का शेजारी पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या. पेठ नाक्याला गाडी थांबली तेव्हा मी त्यांना म्हणाले, "आक्का, तुम्ही पण म्हणा ना, ती जाऊ दे म्हणून." त्यांनी ऐकलं नसावं असं मला वाटलं.

संस्थेच्या व्हरांड्यात एक लांब बाकडं होतं. शिपाई म्हणाला, "बाई आत बोलतायत, बसा." आम्ही बसलो, आणि बसल्यावर मला दिसलं की बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी बसली आहे. एकोणीस-वीस वर्षांची असेल. अंगावर धुऊन विटलेली नायलॉनची साडी. मांडीवर बाळ. बाळाच्या अंगात पिवळं झबलं होतं, गळ्याशी पांढरी लेस.

माझी बोटं पदराआड नुसतीच चालत होती.

ती मुलगी बाळाच्या टोपीशी झगडत होती. बंद बांधायची, बंद सुटायचा. शेवटी ती आक्कांना म्हणाली, "आजी, ही टोपी सारखी सुटतीया. गाठ कशी मारायची वं?"

आक्का गाठ मारण्यात पटाईत होत्या. चार मुलं वाढवली होती त्यांनी. पण त्या म्हणाल्या, "मला जवळचं दिसत नाही बाई. माझी सून आहे, तिला विचार."

मुलगी सरकून माझ्याजवळ आली. मी टोपीचे बंद हातात घेतले. बाळ झोपलं होतं, मूठ कपाळाला लावून.

"माझी मावशी आत सांगायला लागलीया, नुसती बघाय आलीया म्हणून," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "न्हेणार न्हाय म्हणून. तिचं बी बरोबर हाय. गावात काय सांगायचं? आई कशीबशी घरात घेतीया मला. पर मला कळंना झालंय." ती माझ्याकडे बघत होती. "ताई, तुमाला पोरं किती?"

"नाहीत."

"मग हितनं न्यायला आलाय व्हय? कुणाचं तरी?"

"हो," मी म्हणाले.

तिला माझ्याबद्दल दुसरं काही माहीत नव्हतं. झबलं कुणी शिवलं हेही नाही. तिने झबल्याची लेस सरळ केली आणि म्हणाली, "चांगल्या घरात देतात म्हणत्यात. मिळंल का वं हिला चांगलं घर?"

'मिळेल.' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो खोटाही नव्हता. आमचं घर चांगलं होतं, दुपटी शिवून ठेवलेली होती, घरी भिंतीवर जिवती होती. माझ्या जिभेवर तो शब्द तयार होता. मी आक्कांकडे पाहिलं, तर त्या समोरच्या जास्वंदीकडे बघत बसल्या होत्या, जसं काही आम्ही त्यांच्या कुणीच नाही.

मी पुन्हा त्या मुलीकडे पाहिलं. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, सगळा जीव डोळ्यांत आणून. पण तिचा अंगठा बाळाच्या कानाच्या पाळीवरून फिरत होता, आपला आपण, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. तिला ते माहीतही नव्हतं.

"गाठ अशी कानाच्या खाली घ्यायची," मी म्हणाले. "म्हणजे सुटत नाही. आणि एसटीत खिडकीशी बसू नका. वारा लागतो तिला."

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने टोपीवरून हात फिरवला, गाठ ओढून पाहिली आणि बाळाला उचलून खांद्याशी घेतलं. आतल्या दाराकडे तोंड करून ती म्हणाली, "मावशे, सही माघारी घ्याची हाय म्हणून सांग." तिचा आवाज मोठा नव्हता, पण आतलं बोलणं थांबलं.

आम्ही सरदेसाईबाईंना न भेटताच निघालो.

घरी आल्यावर मी माडीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. हे आले, त्यांना आक्कांनी खालीच सांगितलं असावं, कारण ते वर येऊन काहीच न विचारता माझ्या पायाशी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साजूक तुपाच्या वासाने मी खाली आले. आक्कांनी शिरा केला होता. देव घंगाळातून बाहेर काढून, पुसून, वस्त्रं घालून देवघरात बसवले होते. बाळकृष्णाला गंध, अन्नपूर्णेला हळदीकुंकू, सगळ्यांना ताजी फुलं. आक्का नैवेद्य दाखवत होत्या. मागितलेलं मिळालं की देव असे बाहेर काढतात.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"कशाचा शिरा हा, आक्का? काय मिळालं तुम्हाला?"

"मागितलं होतं ते."

"म्हणजे बाळ येऊ नये हेच मागत होतात इतके दिवस? मग मला तबक कशाला दिलंत? त्या अक्षता कशाला टाकायला लावल्यात? काल टोपी बांधायलासुद्धा मलाच पुढे केलंत."

"ओरडू नकोस," आक्का म्हणाल्या. "आता झालंय, आता सांगते. बस."

मी बसले नाही. त्या पाटावरूनच बोलल्या.

"पहिल्या दिवशी मी तेच मागणार होते. खोटं कशाला बोलू? कुणाचं कोण, आपल्या देवघरात कशाला, असं म्हणून देव पाण्यात घातले. हातात पाणी घेतलं. पण तान्ह्या लेकराच्या विरुद्ध मागायला जीभ उचलेना. मग म्हटलं, बरं, येऊ दे घरात, कुमुदला मिळू दे. तर तेही तोंडातून निघेना. कारण तुला मिळायचं तर त्या दुसरीने सोडायला पाहिजे. तिला रडवून मागायचं ते कोणत्या तोंडानं?"

"मग काय मागितलंत?"

"पोर आईजवळ जाऊ दे. एवढंच."

"पण कुठल्या आईजवळ?"

"ते मी धरलंच नव्हतं," आक्का म्हणाल्या. "लहान सुपारी पोरीची, मोठी आईची. तू विचारलंस तेव्हा मी तुझी म्हणाले का? आईची म्हणाले. ती कोण, ते देवाने बघावं. तुझ्याकडून अक्षता टाकून घेतल्या, कारण तीही खरीच आई होती आणि तूही खोटी नव्हतीस. तू आलीस तर तू, ती आली तर ती. काल तिनं तुला विचारलं तेव्हा मला धडकी भरली होती. मी काही बोलले असते तर माझा संकल्प मीच मोडला असता. म्हणून झाडाकडं बघत बसले."

मी खाली बसले. मला त्यांचा राग आला होता, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "माझं काय मग? माझ्यासाठी कुणी काहीच मागितलं नाही."

"नाही मागितलं," त्या म्हणाल्या. "तुझं तू माग."

त्यांनी उठून घंगाळ पुन्हा घासलं, पुन्हा भरलं. आताच पुसून सजवलेले देव, वस्त्रं काढून, एकेक करत परत पाण्यात सोडले. असं कुणी करत नाही. शहाकाकूंनी पाहिलं असतं तर गावभर केलं असतं. मग त्यांनी मला पाटावर बसवलं, पूर्वेला तोंड करून, आणि माझ्या उजव्या तळहातावर पळीने पाणी घातलं.

"नीट शब्द धर," त्या म्हणाल्या. "मागशील ते होतं, म्हणून जपून."

हे दारात उभे होते. ते पुढे आले आणि खिशातून कागदाची पुडी काढून त्यांनी घंगाळाशी ठेवली. आत चांदीचे दोन वाळे होते, बाळाच्या पायातले. इतके दिवस आड धरून ते हेच घडवत होते. आक्कांनी काही न विचारता वाळे देवांशेजारी पाण्यात सोडले.

माझ्या हातातलं पाणी बोटांच्या फटींतून गळायला लागलं, तरी शब्द सापडेना. मला मूल मिळू दे म्हणावं, तर ते कुणीतरी सोडल्याशिवाय मला मिळणार नव्हतं. त्या विटक्या साडीतल्या मुलीचा अंगठा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. आक्कांनी दोनदा पाणी भरलं. मग माझ्या मनात शब्द जुळले, आणि मी हातातलं पाणी ताम्हनात सोडलं.

"काय मागितलंस?" आक्कांनी विचारलं.

"सांगायचं नसतं," मी म्हणाले.

त्या पहिल्यांदाच हसल्या, आणि मला समोर बसवून शिरा खायला लावला.

आता सांगायला हरकत नाही, कारण ते होऊन गेलं. मी म्हटलं होतं, ज्याला कुणीच नाही त्याला मी मिळू दे.

देव खूप दिवस पाण्यात राहिले. दिवाळी पाण्यातच झाली त्यांची. उन्हाळ्यात त्याच संस्थेतून श्रेयस घरी आला. त्याला परत मागायला येणारं या जगात कुणी उरलं नव्हतं. त्याच्या पायात ते वाळे घातले तेव्हा ते पाण्याने काळवंडलेले होते. ह्यांनी उजळून देतो म्हटलं, तर आक्कांनी उजळू दिले नाहीत.

श्रेयस शाळेत जायला लागला त्या वर्षीची गोष्ट. श्रावणातला शुक्रवार होता. मी त्याला पाटावर बसवून ओवाळलं, तोंडात गूळ-फुटाणे घातले आणि अक्षता घेऊन दारात गेले.

"आई, मी तर इथे बसलोय," तो म्हणाला. "मग त्या कुणाला?"

आक्का भिंतीला टेकून वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी सांगलीच्या बाजूला वळले. एव्हाना ती बाजू मला पक्की पाठ झाली होती. पण ती पिवळ्या झबल्यातली पोर काही सांगलीत राहिली नसणार. कुठल्या गावात, कुठल्या शाळेत, कुठल्या नावाने ती हाकेला ओ देत असेल, हे मला कधीच कळणार नव्हतं. म्हणून मी चारीकडे टाकल्या.

अजूनही टाकते.